हिरवं यकृत, पिवळं यकृत

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले, की थिएटरबाहेरचा माझा बहुतेक वेळ दोन गोष्टींच्या संशोधनात जातो: तान्ह्या बाळांचं अडलेलं पित्त आणि अतिलठ्ठ किशोरांचं यकृत. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी हर्नियाचे आणि टॉन्सिलचे प्रश्न बाजूला ठेवते. (टॉन्सिल माझं कामही नाही, ते कान-नाक-घसावाल्यांचं. पण विचारणारे विचारतातच.)

प्रश्न: तुम्ही लहान मुलांच्या सर्जन. दोन महिन्यांचं बाळ आणि शंभर किलोचा मुलगा यांचा एकमेकांशी संबंध काय? की वजनाच्या ऑपरेशनांची सध्या चलती आहे म्हणून? — एक निवृत्त शिक्षक

उत्तर: सर, टोमणा पोचला. पण मी इकडे वळले ते माझ्या एका चुकीमुळे.

नोकरीची पहिली वर्षं होती. बारा वर्षांच्या एका मुलाचं अपेंडिक्स दुर्बिणीतून काढत होते. पोटात दुर्बीण घातली की आधी चारी बाजूंना फिरवून बघायची आम्हाला शिस्त असते. यकृतावर नेली, तर पडद्यावर पिवळट, फुगलेलं, कडा गोल झालेलं काहीतरी दिसलं. निरोगी मुलाचं यकृत काळपट विटकरी असतं आणि त्याची कड पात्यासारखी बारीक असते. भूलतज्ज्ञांनी मान उंचावून पडद्याकडे पाहिलं. मी "जाडा आहे ना, म्हणून" म्हणाले आणि अपेंडिक्सकडे वळले. टिपणात तीन शब्द लिहिले: ‘यकृत किंचित फिकट’. आईवडिलांना काहीच सांगितलं नाही. सहा वर्षांनी तोच मुलगा मधुमेह घेऊन आला, तोवर यकृतही घट्ट व्हायला लागलं होतं. वडिलांनी जुना कागद जपून ठेवला होता. तो माझ्या टेबलावर उलगडला, त्या तीन शब्दांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "डॉक्टर, याचा अर्थ काय होता?"

आता संबंधाचं. मराठीत पित्त म्हटलं की लोकांना छातीतली जळजळ आठवते, नाहीतर अंगावरच्या गांधी. सर्जनचं पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-सोनेरी रस. माझ्या दोन्ही शस्त्रक्रिया त्याच्याभोवती फिरतात, आणि दोन्हींत मी लहान आतडं कापून वाय अक्षरासारखं परत जोडते. ही जोडणी स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या सेझार रू यांची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. बाळामध्ये या वायचा एक हात यकृताच्या दारापर्यंत नेऊन शिवायचा, म्हणजे पित्ताला वाट मिळते. त्याची लांबी साधारण ४० सेंटिमीटर. मोठ्या मुलाच्या गॅस्ट्रिक बायपासमध्ये, म्हणजे वजन उतरवायच्या शस्त्रक्रियेत, तोच हात जठराच्या इवल्याशा पिशवीला जोडायचा, मीटरभर किंवा त्याहून लांब. तिथे पित्त आणि अन्न यांची भेट मुद्दाम लांबवलेली असते.

पित्त चरबी पचवतं एवढंच आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. पित्तातली आम्लं यकृताला आणि आतड्याला निरोपही पोचवतात, हे नंतर उलगडत गेलं. २०१४ साली उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एफएक्सआर नावाचं, हे निरोप ‘ऐकणारं’ प्रथिन ज्या उंदरांत नव्हतं, त्यांचं जठर कापून लहान केलं तरी वजनावर आणि साखरेवर अपेक्षित परिणाम टिकला नाही. म्हणजे ऑपरेशनचा गुण नुसत्या लहान झालेल्या पोटाचा नव्हता. तो निबंध वाचला त्या आठवड्यात या दोन विषयांच्या कागदांची माझी दोन्ही कपाटं मी एकत्र केली.

प्रश्न: नात ३८ दिवसांची आहे. डोळे अजून पिवळे. सगळे म्हणतात, अंगावर पिणाऱ्या बाळाची कावीळ रेंगाळते, कोवळ्या उन्हात धरा. वजनही वाढतंय. पण मला तिची शी पांढरट वाटते. सूनबाई म्हणते तुम्हाला भास होतो. — नातीची आजी

उत्तर: आजी, तुमचं पत्र हातात पडलं त्याच दुपारी संपादकांकडून नंबर घेऊन तुम्हाला फोन केला होता. तेव्हा हे उत्तर आता बाकीच्या आज्यांसाठी. नातीवर ४५व्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, हे तुमच्या परवानगीने लिहिते.

अंगावर पिणाऱ्या बाळाची कावीळ रेंगाळते हे खरं. म्हणून तर घोटाळा होतो. बहुतेक पिवळी बाळं ठीक असतात आणि त्यांच्या गर्दीत एखादं आजारी बाळ लपून बसतं, दिसायला गुटगुटीत, हसरं. ओळखायची खूण लंगोटात असते. तान्ह्या बाळाची शू जवळजवळ पाण्यासारखी असायला हवी. तिने लंगोट पिवळा रंगत असेल तर थांबू नका. शीला रंग येतो पित्तामुळे. खडूसारखी, राखाडी किंवा अगदी फिक्कट पिवळी शी म्हणजे पित्त आतड्यात उतरत नाही. तैवानमध्ये २००४ पासून बाळंतिणीला देशभर रंगांचं एक कार्ड मिळतं, घरी शीचा रंग त्याच्याशी ताडून बघायचा. शस्त्रक्रिया वेळेत व्हायला त्या पुठ्ठ्याची जेवढी मदत झाली, तेवढी आमच्या कित्येक महागड्या तपासण्यांची झालेली नाही.

चौदा दिवसांनंतरही कावीळ असेल तर रक्तातलं बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) तपासताना ‘डायरेक्ट’, म्हणजे यकृताने प्रक्रिया करून पित्तात सोडायचा भाग, किती, हे वेगळं मागायचं. एकूण आकडा कमी आहे म्हणून घरी पाठवलेली बाळं मी पाहिली आहेत. डायरेक्ट १ मिलिग्रॅमच्या वर असेल तर पुढची तपासणी त्याच आठवड्यात. उन्हात धरून या काविळीला काही होत नाही, फक्त दिवस जातात.

या आजाराचं नाव बिलिअरी अट्रेशिया. यकृताबाहेरच्या पित्तनलिका सुजतात, बुजतात आणि त्यांची दोरी होऊन जाते. पोट उघडलं की शेवाळी हिरवं, कडक यकृत दिसतं आणि पित्ताशयाच्या जागी सुकलेली, पांढरट चिंधी. जपानमध्ये सेंदाईच्या मोरिओ कासाई यांनी १९५५ साली यावर पहिल्यांदा वाट काढली: बुजलेला भाग यकृताच्या दाराशी सपाट कापून टाकायचा आणि तिथे थेट आतडं शिवायचं. त्यांनी ते १९५९ साली जपानीत लिहिलं; इंग्रजीत यायला १९६८ उजाडलं. उघड्या डोळ्यांना तिथे नळी दिसतच नाही. सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून पाझर सुरू होईल या भरवशावर आपण टाके घालतो. मग आठवडाभर बाळाच्या लंगोटाची वाट बघायची. हिरवी शी झाली की वॉर्डातल्या सिस्टर फोटो पाठवतात. माझ्या फोनमध्ये घरच्यांच्या फोटोंपेक्षा हे फोटो जास्त असतील.

साधारण निम्म्या किंवा थोड्या अधिक बाळांत पित्त चांगलं वाहू लागतं. ६० दिवसांच्या आत झालं तर शक्यता चांगली, शंभरीनंतर बरीच कमी. आणखी एक: पित्त नसेल तर के जीवनसत्त्व शोषलं जात नाही. अशा बाळाच्या नाकातून, नाळेच्या जागेतून किंवा टोचल्या जागी रक्त थांबत नसेल तर रात्र न पाहता निघा.

प्रश्न: गरोदरपणात माझं काही चुकलं का? खाण्यात, औषधात? सासूबाई काही बोलत नाहीत, पण मला झोप लागत नाही. — त्याच बाळाची आई

उत्तर: नाही. तुमचं काही चुकलेलं नाही. हे वाक्य मी तुम्हाला समोर बसून सांगितलं आहे, छापूनही देते, म्हणजे रात्री दोन वाजता पुन्हा वाचता येईल.

खरं कारण शोधण्यात माझी निम्मी वर्षं गेली. या शोधातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मेंढ्यांची आहे. ऑस्ट्रेलियात दुष्काळाच्या काही वर्षांत धरणाचं पाणी हटलं, उघड्या पडलेल्या तळावर एक रानटी तण उगवलं आणि गाभण मेंढ्यांनी ते खाल्लं. त्यांची कोकरं पित्तनलिका बंद अशी जन्मली. मेंढ्या ठणठणीत. पुढे त्या तणातून एक विषारी द्रव्य वेगळं काढलं, नाव ठेवलं बिलिअट्रेसोन. २०१५ साली ते प्रसिद्ध झालं. माणसं ते तण खात नाहीत, त्यामुळे घाबरू नका. गर्भातल्या पित्तनलिकेला इजा होऊ शकते आणि आईला काही जाणवतही नाही, एवढं मात्र त्या मेंढ्यांनी दाखवून दिलं. आणखी एक धागा विषाणूंचा: नवजात उंदराला ठरावीक रोटाव्हायरस टोचला की असाच आजार होतो. बाळाचीच प्रतिकारशक्ती नंतर नलिकेवर उलटत असावी, असं माझ्यासह अनेकांना वाटतं. पण ती सूज दाबायला कासाईंच्या शस्त्रक्रियेनंतर जोरदार स्टेरॉइड द्यायचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निकाल २०१४ साली आले आणि फायदा सिद्ध झाला नाही. मी स्वतः तोवर स्टेरॉइड देत होते. बंद केलं.

प्रश्न: मुलगा अकरा वर्षांचा. वजन जास्त आहे, पण आमच्याकडे सगळेच खात्यापित्या घरचे दिसतात. पोटदुखीसाठी सोनोग्राफी केली तर ‘फॅटी लिव्हर ग्रेड १’ आलं. रक्ताचा अहवाल नॉर्मल. गोळी सुरू करावी का? की मोठा झाला की आपोआप जाईल? — एक वडील

उत्तर: तो अहवाल पुन्हा काढा आणि एएलटीचा, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या द्रव्याचा, आकडा बघा. प्रयोगशाळा चाळिशीच्या पुढेमागे मर्यादा छापतात. मुलांसाठी ती फार सैल आहे: मुलग्यांत सुमारे २६ आणि मुलींत सुमारे २२ याच्या वर गेलं की मी भुवया उंचावते. ३८ आकड्यासमोर ‘नॉर्मल’ छापलेलं असलं तरी अकरा वर्षांच्या मुलासाठी ते नॉर्मल नाही.

‘ग्रेड १’ या शब्दावर मात्र फार विसंबू नका, ना घाबरायला ना निश्चिंत व्हायला. सोनोग्राफीत थोडी चरबी निसटते, आणि सूज किंवा व्रण तर दिसतच नाहीत. अमेरिकेत सॅन डिएगो परगण्यात अपघात वगैरे कारणांनी दगावलेल्या ७४२ मुलांच्या यकृतांची तपासणी २००६ साली प्रसिद्ध झाली. लठ्ठ मुलांपैकी ३८ टक्क्यांच्या यकृतात चरबी निघाली. त्यांच्या घरच्यांना त्याचा पत्ताच नसावा. हा आजार दुखत नाही. (तुमच्या मुलाची पोटदुखीही बहुधा यकृताची नव्हती. पण तिचे उपकार माना.)

गोळीचं म्हणाल तर मधुमेहावरचं मेटफॉर्मिन आणि ई जीवनसत्त्व या दोन्हींची १७३ मुलांवर नीट परीक्षा झाली, निकाल २०११ चे. एएलटी टिकाऊपणे उतरवण्यात दोन्ही औषधं नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. ई जीवनसत्त्वाने काही मुलांत यकृताच्या तुकड्याच्या तपासणीत सुधारणा दिसली, म्हणून निवडक मुलांना ते देतात. तुमच्या मुलाला आज तरी नको.

जे चाललं ते ऐका. २०१९ साली ४० किशोरवयीन मुलग्यांचा आठ आठवड्यांचा अभ्यास आला. अर्ध्या मुलांची वरून घातलेली साखर जवळजवळ बंद केली, रसांतली आणि शीतपेयांतलीही. त्यांच्या यकृतातली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ वर आली. उरलेल्यांची जवळपास होती तिथेच राहिली. मला त्यातली पद्धत महत्त्वाची वाटते. त्या मुलांच्या अख्ख्या घराचा आहार बदलला होता. तेव्हा मुलाचा डबा वेगळा आणि बाकीच्यांचं नेहमीसारखं, असं करू नका; तुमच्या घरचे सगळेच ‘खात्यापित्या घरचे’ दिसतात म्हणालात, तर सगळ्यांचाच फायदा. आणि तुमचा मुलगा अजून वाढतोय. वजन वर्षभर आहे तिथे थांबलं आणि उंची वाढली, तरी मी खूश होईन. तीन-चार महिन्यांनी एएलटी पुन्हा करा.

अहवालात पुढे वेगळं नाव दिसलं तर गोंधळू नका. २०२३ साली या आजाराचं नाव बदललं, चयापचयाशी जोडलेला यकृताचा आजार अशा अर्थाचं ठेवलं. दारूचा उल्लेख नावातून गेला, हे बरं झालं. अकरा वर्षांच्या मुलाच्या फाइलवर ‘नॉन-अल्कोहोलिक’ वाचून एक आई माझ्याशी भांडली होती.

प्रश्न: डॉक्टर, मी १६ वर्षांची आहे. वजन ११८ किलो, मधुमेह आहे. सगळं करून झालं. स्लीव्ह ऑपरेशनचं विचारलं तर काका म्हणाले, "हा शॉर्टकट आहे, तोंड बंद ठेव." मी आळशी आहे का? — नाव नको

उत्तर: काकांना माझा नमस्कार सांग आणि हा अंक त्यांच्या हातात दे.

तू आळशी नाहीस. या वजनावर भूक कमी-जास्त करणारे निरोपच बिघडलेले असतात. वजन उतरलं की शरीर भूक वाढवून ते परत ओढतं. शॉर्टकटचं म्हणशील तर स्लीव्हमध्ये मी जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकते. तो परत लावता येत नाही. म्हणून तू स्वतः विचारलंस ते मला बरं वाटलं. निदान दोनदा भेटल्याशिवाय मी कुणालाच तारीख देत नाही. पहिल्या भेटीत बहुधा आई बोलते. दुसऱ्या भेटीत आईला बाहेर बसवते.

आकडे सांगते. टॉम इंगे या बालशल्यचिकित्सकांच्या पुढाकाराने अमेरिकेत १३ ते १९ वर्षांच्या २४२ जणांची नोंद ठेवली गेली. तीन वर्षांनी सरासरी २७ टक्के वजन उतरलेलं होतं आणि आधी टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी ९५ टक्क्यांचा तो हटला होता. पाच वर्षांनी मोठ्यांशी तुलना केली तेव्हा मधुमेह हटलेले किशोर ८६ टक्के, प्रौढ ५३. लवकर केल्याचा फायदा तो हा. दहा वर्षांनी मात्र किशोरांतला हा आकडा ५५ वर उतरला होता, हेही तुला माहीत हवं. आणि दुसरी बाजू: तीन वर्षांत ५७ टक्क्यांत लोहाचा साठा कमी झाला, १३ टक्क्यांना पोटाची आणखी एखादी शस्त्रक्रिया किंवा प्रक्रिया लागली. बी-१२, लोह, डी आणि कॅल्शियम रोज, आयुष्यभर. परीक्षा असो, कंटाळा असो, रोज. उलट्या लागल्या तर ताबडतोब यायचं, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) संपून नसांना इजा होते. पहिलं वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायची असते. वजन उतरलं की पाळी सुधारते आणि शक्यता वाढते, हे कुणी तुझ्याशी बोलेल असं वाटत नाही म्हणून मी लिहिते.

आधी भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनाचंही विचार. सेमाग्लुटाइडचा २०१ किशोरांवरचा अभ्यास २०२२ साली आला, ६८ आठवड्यांत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सरासरी १६ टक्के उतरला. तुझ्या वजनाला ते पुरेल की नाही हे तपासूनच ठरेल. २०२३ च्या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शनात १३ वर्षांपुढच्या तीव्र लठ्ठ मुलांना शस्त्रक्रियेच्या सल्ल्यासाठी पाठवायला सांगितलं आहे. तुझं वय लहान नाही.

ठरलंच, तर आधी दोन आठवडे कडक कमी उष्मांकाचा आहार मिळेल. ती शिक्षा समजू नकोस. यकृताचा डावा भाग जठरावर पांघरुणासारखा पडलेला असतो. तो उचलून धरल्याशिवाय मला जठराचा वरचा कोपरा दिसत नाही. चरबीने भरलेलं यकृत जड असतं, उचलताना फाटतं, भळभळतं. दोन आठवड्यांत ते एवढं आटतं की माझ्या साहाय्यकाचा हात दुखायचा थांबतो.

प्रश्न: मुलीच्या अशाच ऑपरेशनच्या वेळी यकृताचा ‘तुकडा’ संशोधनासाठी मागितला आहे. देऊ का? — एक आई

उत्तर: ‘तुकडा’ हा आमचाच वाईट शब्द. सुईतून निघतो तो शिवणाच्या दोऱ्याएवढा, दीडदोन सेंटिमीटरचा धागा, म्हणजे यकृताचा अंदाजे पन्नास हजारावा भाग. अर्धा फॉर्मेलीनमध्ये, अर्धा द्रव नायट्रोजनमध्ये. धोका असतो तो रक्तस्रावाचा. पण दुर्बीण समोरच असते, सुईची जागा दाबून कोरडी झालेली बघूनच मी पुढे जाते. वर सांगितलेल्या अमेरिकी गटातल्या १४८ जणांचे असे नमुने तपासले, तेव्हा ५९ टक्क्यांत चरबी, पण नक्की म्हणावी अशी सूज फक्त १० टक्क्यांत निघाली. कोणत्या मुलाचं यकृत बिघडणार आणि कोणाचं नाही, हे रक्तावरून अजून नेमकं सांगता येत नाही. आमची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

निकाल तुम्हाला कळवणार का, हे आधी विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर तुमच्या जागी मी सही करणार नाही. का ते पहिल्या उत्तरात आलं आहे. मुलीलाही विचारा. तिची नाही असेल तर नाही, आणि उपचारात त्याने तिळभर फरक पडता कामा नये.

प्रश्न: आमचा मुलगा सात महिन्यांचा. कासाई झालं, पण पित्त वाहिलं नाही. आता प्रत्यारोपण. मी यकृत द्यायला तयार आहे, रक्तगट जुळतो, पण माझ्याच यकृतात ३० टक्क्यांवर चरबी निघाली आणि नाही म्हणाले. बायकोचा रक्तगट जुळत नाही. — बाळाचे बाबा

उत्तर: दादा, जगभर मुलांच्या यकृत प्रत्यारोपणाचं पहिल्या क्रमांकाचं कारण तुमच्या बाळाचा हाच आजार आहे, त्यामुळे वाट मळलेली आहे. बाळाला लागतो तो तुमच्या यकृताचा डावीकडचा छोटा भाग, साधारण पाव. उरलेलं काही आठवड्यांतच वाढू लागतं. चरबीचं यकृत मात्र कापल्यावर नीट वाढत नाही, बाळाच्या पोटातही नीट काम करत नाही. नकार योग्य आहे.

पण तो आजचा नकार आहे. काटेकोर आहार आणि रोजचं चालणं यांवर काही आठवड्यांत चरबी मर्यादेत आलेले दाते मी पाहिले आहेत. तेवढे आठवडे बाळ थांबू शकेल का, हे तुमचं पथक सांगेल. मावशी, काका यांची तपासणी त्याच वेळी सुरू ठेवा, तुमच्यावर सगळं लटकवू नका. उपाशी राहू नका, प्रथिनं भरपूर, वरची साखर शून्य, दारू असेल तर आजपासून बंद. वजनाच्या कोणत्याही पावडरी आणि काढे नकोत, त्यांनी यकृत सुजलं तर दान कायमचं हुकेल. सहा आठवड्यांनी एमआरआय करा आणि चरबीचा आकडा मला कळवा. संपादकांकडे तुमच्यासाठी माझा नंबर ठेवला आहे.